घरची गोष्ट अर्जात लिहायची का?

पत्र

आम्ही मूळचे साताऱ्याचे, अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सगळ्यांची ग्रीन कार्डं झाली आहेत. या फेब्रुवारीत यजमानांची नोकरी गेली. सहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, पण पगार जवळजवळ निम्म्यावर आला. मी एका डेकेअरमध्ये काम करते, हल्ली जादा तासही घेते. मोठी मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत, रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते, धाकट्या भावाचं सगळं बघते. तिला शिक्षिका व्हायचंय. आधी दोन वर्षं मिडलसेक्स कॉलेजला जायचं आणि मग रटगर्सला, म्हणजे इथल्या राज्य विद्यापीठात, असं तिनं स्वतःच ठरवलंय.

मिडलसेक्सच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात एक निबंध आहे : तुमचं ध्येय काय आणि आर्थिक मदतीची गरज का आहे. तिनं वडिलांच्या नोकरीबद्दल लिहिलं. ते वाचून यजमान दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपण काय भिकेला लागलोय? घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?’ म्हणून मी बसून दुसरा निबंध लिहिला. तर मुलगी म्हणते, हा माझा नाही, मी पाठवणार नाही. काउन्सेलरबाई एनजे स्टार्स असं काहीतरी म्हणाल्या, तेही आम्हाला नीट कळलं नाही. मराठी मंडळातल्या सगळ्यांची मुलं मोठमोठ्या कॉलेजांत आहेत. माझे वडील रयतच्या बोर्डिंगात राहून शिकले, त्यामुळे शिक्षणाचं मोल मला कळतं. पण इथं काय बरोबर, तेच समजेनासं झालंय.

– एक आई, एडिसन

उत्तर

प्रिय ताई,

मुलीचा निबंध पाठवा. तुमचा बाजूला ठेवा.

तुमचा वाईट असेल असं मला मुळीच म्हणायचं नाही. तुम्ही तो रात्री जागून, घरातली शांतता टिकावी म्हणून लिहिला असणार. पण अर्जात विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर त्यात असूच शकत नाही, कारण ते टाळण्यासाठीच तर तो लिहिला गेला. मदतीची गरज का आहे, असं समितीनं सरळ विचारलंय. तिथं ‘शिक्षण महाग आहे’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिक्षण सगळ्यांनाच महाग आहे.

हा अर्ज वाचतं कोण, ते आधी सांगते, म्हणजे यजमानांची धास्ती थोडी कमी होईल. मिडलसेक्ससारख्या काउंटी कॉलेजची, म्हणजे जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, शिष्यवृत्ती बहुतेक वेळा कॉलेजच्या फाउंडेशनमार्फत दिली जाते. फाउंडेशन म्हणजे देणग्या गोळा करून त्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणारी कॉलेजचीच संस्था. देणगीदार बरेचसे आसपासचेच असतात : निवृत्त प्राध्यापक, गावातली बँक, एखादं कुटुंब ज्यांनी आईच्या नावानं निधी ठेवलाय, पूर्वी याच कॉलेजात शिकलेला कुणी. निवड करायला कॉलेजचे लोक आणि काही स्वयंसेवक बसतात. त्यांच्यापुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि त्यांना एवढंच ठरवायचं असतं की यातल्या कोणाला हे पैसे दिले तर त्याची गाडी पुढे जाईल. निबंध कुठं छापून येत नाही. शिष्यवृत्ती मिळालीच तर नाव जाहीर होईल, कदाचित एखादा समारंभ असेल, फोटो काढतील. घरात काय झालं ते त्या खोलीबाहेर सहसा जात नाही. आणि तरी शंका असेल, तर फाउंडेशनच्या ऑफिसला मुलीनं एक ईमेल करून विचारावं : निबंध कोण कोण वाचतं, त्यातलं काही तुम्ही प्रसिद्ध करता का? अगदी रास्त प्रश्न आहे, कुणी वाईट वाटून घेणार नाही.

आता यजमानांबद्दल. त्यांचा राग मला समजतो. नोकरी गेल्याचं दुःख अजून ताजं आहे, आणि ते पोटच्या मुलीच्या अक्षरांत, इंग्रजीत, परक्या माणसांसाठी लिहिलेलं वाचायला लागलं. कुणीही दोन दिवस गप्प बसेल. म्हणून एक करा. मुलीला आणि त्यांना एकत्र बसवा, तुम्ही चहा करायच्या निमित्तानं जरा उठा. मुलीनं त्यांना विचारावं, ‘बाबा, यातलं काय राहिलेलं चालेल?’ कंपनीचं नाव, किती कर्ज, घरातले ताणतणाव, त्या सहा महिन्यांत त्यांचं मन कसं होतं, यातलं काहीही निबंधात लागत नाही. नको असेल ते त्यांनी खोडावं, तेवढा हक्क त्यांचा आहे. लागतात ती तीनच वाक्यं : काय झालं, त्यानं घरात काय बदललं, आणि त्यात मुलीनं काय केलं. ‘फेब्रुवारीत माझ्या वडिलांची नोकरी गेली. आई जादा तास काम करू लागली, म्हणून शाळा सुटल्यावर भावाला आणणं, त्याचा अभ्यास घेणं आणि रात्रीचा स्वयंपाक मी करते. वडिलांना आता काम मिळालंय, पण उत्पन्न निम्म्यावर आल्यानं कॉलेजची फी घरून पूर्ण भरणं शक्य नाही.’ बस. यात कुणाची अब्रू जात नाही. उलट, यात एक बाप दिसतो जो सहा महिने काम शोधत राहिला आणि ज्यानं ते मिळवलं.

तुमच्या वडिलांचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता केलाय. मला तर वाटतं, तुम्हाला हवं ते उत्तर तिथंच आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं. मुलांच्या पोटापाण्याची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे साताऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या बोर्डिंगात राहणाऱ्या मुलाच्या घरी काय आहे आणि काय नाही, ते संस्थेला सांगावंच लागायचं. त्याशिवाय त्याला तिथं घेणार कसं? तुमच्या आजोबांनी ते सांगितलं असेल, आणि म्हणून तुमचे वडील शिकले. त्यांना आयुष्यात कुणी भिकारी म्हटलं का? यजमानांशी बोलताना ही आठवण काढा. तेही साताऱ्याचेच, त्यांना फोड करून सांगावी लागणार नाही.

निबंधाचा दुसरा भाग ध्येयाचा. इथं आपली माणसं हटकून एक चूक करतात. मुलांना मोठमोठे शब्द सांगतात : कष्टाळू, जिद्दी, समाजाचं ऋण, देशाचं भवितव्य. तसे शब्द प्रत्येक अर्जात असतात आणि वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून जाते. तुमची मुलगी रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवते. इथं जन्मलेल्या, घरी इंग्रजीत उत्तर देणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोरांना ‘ळ’ म्हणायला शिकवणं किती अवघड असतं! ती ते कसं करते? कोणता खेळ घेते? कोणतं मूल आधी बोलतच नव्हतं आणि मग बोलायला लागलं? हे तिनं लिहावं, त्या मुलाचं नाव न घेता. शिक्षिका व्हायचंय हे मग वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. आणि ‘या कॉलेजातच का’ याचं उत्तर एका-दोन वाक्यांत नक्की असावं. समिती त्याच कॉलेजची आहे, आपलं कॉलेज कुणी नाइलाज म्हणून निवडलंय की विचार करून, हे त्यांना चटकन जाणवतं. तिनं तर विचार करून निवडलंय. तो विचार कागदावर यायला हवा.

मजकूर तिचा, तिच्या शब्दांत. तुम्ही स्पेलिंग बघा, अर्थ लागतोय का ते सांगा, त्यापलीकडे हात लावू नका. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलंही तुमच्या निबंधासारखंच होईल, गुळगुळीत आणि कुणाचंही. सतरा वर्षांच्या मुलीचं लिहिणं थोडं खडबडीत असतं, तसंच राहू द्या.

आता पैशांची बाजू. इथं जरा थांबून वाचा, कारण न्यू जर्सीत मदतीचे मार्ग बरेच आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. फाउंडेशनची शिष्यवृत्ती हा त्यातला शेवटचा थर समजा. खालचे थर आधी घालायचे.

सगळ्यांत आधी फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. तो भरायला पैसे लागत नाहीत. कुणी फी मागितली तर ती जागा सोडून निघा. मुलीनं आणि पालकांनी वेगवेगळी खाती उघडायची. तुम्ही दोघं टॅक्स एकत्र भरत असाल तर पालकांपैकी एकाचंच खातं पुरतं. टॅक्सची माहिती आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, थेट घ्यायला संमती द्यावी लागते, ती दिली नाही तर केंद्राची मदत मिळत नाही. आणि नाव! आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, कधी आडनाव आधी, पासपोर्टवर एक, शाळेत दुसरं. फाफ्साच्या खात्यात नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, लिहा. कित्येक मराठी घरांचे अर्ज एवढ्याशा कारणानं आठवडे अडकून पडतात. मुलीचं ग्रीन कार्ड आहे, म्हणजे ती पात्र आहे. कार्डावरचा नंबर हाताशी ठेवा.

फाफ्सा पाठवल्यावर न्यू जर्सीचे काही जादा प्रश्न येतात. ते राज्याच्या हेसा या संस्थेसाठी असतात आणि एनजेफॅम्स नावाच्या खात्यात भरायचे असतात. अनेकजण फाफ्सा गेला म्हणून निश्चिंत होतात आणि हे राहून जातं. मग टॅग हे राज्याचं अनुदान अडतं. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी त्याची मुदत सहसा १५ सप्टेंबर असते, पण तिथवर थांबू नका. फाउंडेशनच्या अर्जाआधी फाफ्सा गेलेला असला तर बरं, कारण गरज बघून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांसाठी कॉलेज तोच आकडा बघतं.

तुमच्या बाबतीत इथंच एक मोठी मेख आहे. २०२६-२७ साठीच्या फाफ्सात २०२४ चं उत्पन्न धरलं जातं. २०२४ मध्ये यजमानांची जुनी नोकरी होती. म्हणजे सरकारच्या नजरेत तुमचं घर अजून तेव्हाइतकंच कमावतंय. यावर उपाय आहे, पण तो आपण होऊन मागावा लागतो. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला लेखी कळवायचं की २०२५ मध्ये परिस्थिती बदलली आहे आणि तुम्ही फेरविचार करा. याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, याच शब्दांनी विचारा. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचे कागद, आताच्या पगाराच्या स्लिपा. राज्याच्या मदतीसाठी हीच विनंती कुठं करायची तेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. इथं ‘घरची गोष्ट घरात’ म्हणून गप्प बसलात तर हजारो डॉलर्सचा फरक पडू शकतो. हे कागद यजमानांनाच गोळा करायला सांगा. मुलीसाठी काहीतरी ठोस करायला मिळतंय म्हटल्यावर ते करतील.

एनजे स्टार्सचं आता. ही राज्याची योजना आहे आणि हिला उत्पन्नाची अट नाही, पण फाफ्सा मात्र भरावाच लागतो. अकरावीच्या किंवा बारावीच्या शेवटी वर्गाच्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना आपल्या काउंटीच्या कॉलेजात ट्यूशन, म्हणजे कॉलेजची शिकवण्याची मूळ फी, माफ होते, पाच सत्रांपर्यंत, एका सत्रात १८ क्रेडिट्सपर्यंत (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक). अटी : पूर्ण वेळ शिकायचं, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट्स, आणि तिसरं सत्र सुरू होईपर्यंत जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी, किमान ३.० असायला हवा. शाळा रँक जाहीर करत नसेल, तरी या योजनेसाठी ती काढली जाते. मुलीनं काउन्सेलरना नेमकं विचारावं : ‘अकरावीच्या शेवटी मी वरच्या पंधरा टक्क्यांत होते का? नसले तर किती जवळ आहे?’ जवळ असेल तर अजून संधी आहे, बारावीच्या अखेरची रँकही चालते. सीनियर वर्षात मुलं जरा सैल होतात, तर हिला सांगा की हे वर्ष मोजलं जाणार आहे.

स्टार्समध्ये नाही बसली तर कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँट. टॅक्सच्या कागदावरचं समायोजित उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर ट्यूशन आणि ठरावीक फीची उरलेली रक्कम राज्य भरतं, आणि त्यापुढे १,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना काही हिस्सा मिळतो. ही रक्कम दरवर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पावर ठरते, म्हणून हेसाच्या पानावर चालू वर्षाचे आकडे बघून घ्या. तुमच्या घराला हे लागू होणं-न होणं हे वर सांगितलेल्या फेरविचारावर बरंचसं अवलंबून आहे.

मग प्रश्न येईल, ट्यूशन अशी सुटत असेल तर फाउंडेशनची शिष्यवृत्ती कशाला? तर पुस्तकं, लॅब फी, ऑनलाइन कोडचे पैसे, लॅपटॉप, गाडीचा विमा आणि पेट्रोल. काउंटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचं शिक्षण ट्यूशनपायी थांबतं त्याहून जास्त वेळा या बाकीच्या खर्चापायी थांबतं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून अर्ज करताना एक गोष्ट विचारा : ही रक्कम फक्त ट्यूशनला लागते की इतर खर्चालाही? फक्त ट्यूशनला असेल आणि ट्यूशन आधीच माफ असेल, तर ती दुसऱ्याला जाते. दोन्ही प्रकारच्या शिष्यवृत्त्या असतात. अनेक कॉलेजांत एकच अर्ज भरला की संगणक तो योग्य त्या सगळ्या निधींशी जुळवतो, पण काहींना वेगळा छोटा निबंध लागतो, आणि तो मुलं कंटाळून सोडतात. तुमच्या मुलीनं सोडू नये. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी, घरात पहिल्यांदा इथल्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी, अमुक गावच्या मुलांसाठी, असे लहान लहान निधी असतात आणि त्यांतल्या काहींना अर्ज मोजकेच येतात.

त्याचबरोबर शाळेच्या काउन्सेलिंग ऑफिसमधून स्थानिक शिष्यवृत्त्यांची यादी आणा. गावचा रोटरी क्लब, पालक-शिक्षक संघटना, क्रेडिट युनियन, शिक्षकांची युनियन. पाचशे डॉलर, हजार डॉलर. लहान वाटतात, पण एका सत्राची पुस्तकं निघतात. हे पैसे देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करून मिळवायचे नसतात, गावातल्याच मुलांमधून निवड होते.

शिफारसपत्रांबद्दल थोडं. मागायची ती तीन-चार आठवडे आधी, आणि शक्यतो तिला अकरावीत शिकवलेल्या शिक्षकांकडून. मराठी शाळेच्या संचालकांचं पत्र मी आवर्जून घ्यायला सांगेन, कारण तिचं शिकवणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण एक जपा. आपल्याकडे मंडळातले सगळेच काका आणि मावशी. त्यांनी ‘आमच्या घरच्यासारखी आहे, लहानपणापासून ओळखतो’ असं प्रेमानं लिहिलं, तर समितीला ते नातेवाइकाचं पत्र वाटतं. त्यांनी आपलं शाळेतलं पद लिहावं आणि ती किती वर्षं, कोणत्या वर्गाला, काय करते ते सांगावं. मुलीनं त्यांना एका पानावर हे सगळं लिहून द्यावं, म्हणजे त्यांनाही सोपं जातं. पत्र मागायचं काम तिनंच करायचं, तुम्ही फोन करायचा नाही.

आता ‘मंडळातल्या सगळ्यांची मुलं’. ताई, एप्रिल-मे महिन्यांत इथली आई-बापं कशी होतात ते मला चांगलं माहीत आहे. व्हॉट्सॲपवर कॉलेजच्या स्वेटशर्टातले फोटो येतात, गणपतीत भेटल्यावर पहिला प्रश्न तोच. तुमच्या मुलीला त्या दिवसांत वाईट वाटेल. तिनं स्वतः ठरवलं असलं, तरी वाटेल. तेव्हा घरात कुणी आवाज खाली आणून ‘सध्या काउंटी कॉलेजला’ असं म्हणू नका. ‘मिडलसेक्सला जातेय, मग रटगर्सला’ असं पूर्ण वाक्य म्हणा. न्यू जर्सीत राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे, त्यानुसार काउंटी कॉलेजची एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे क्रेडिट्स राज्याची सरकारी विद्यापीठं पहिल्या दोन वर्षांच्या जागी धरतात. रटगर्समधून बाहेर पडताना हाती पडते ती रटगर्सचीच पदवी. हा करार म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, प्रवेशासाठी अर्ज करावाच लागतो आणि मार्क लागतात. एएएस नावाची पदवी मात्र वेगळी, ती थेट नोकरीसाठी असते आणि तिचे क्रेडिट्स तसेच्या तसे जातीलच असं नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात मुलीनं कॉलेजच्या ट्रान्सफर सल्लागाराला भेटून ‘मला शिक्षिका व्हायचंय, रटगर्सला जायचंय’ असं सांगावं आणि एनजे ट्रान्सफरच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषय तपासावा. शिक्षक होण्यासाठी एखादा मूळ विषयही घ्यावा लागतो, इंग्रजी, गणित, इतिहास, काय तो. त्याचा विचार आतापासून झालेला बरा.

पुढचा पैसाही या वाटेवर आहे. स्टार्समधून ३.२५ जीपीएनं पदवी घेतली आणि घरचं उत्पन्न २,५०,००० डॉलरच्या आत असलं, तर स्टार्स टूमधून राज्यातल्या चार वर्षांच्या कॉलेजात सत्राला १,२५० डॉलरपर्यंत मिळतात. शिवाय गार्डन स्टेट गॅरंटी आहे, तिच्यातून सरकारी विद्यापीठांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला, पुन्हा १,००,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला पायरीपायरीनं मदत होते. चार वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा. यजमान कामाच्या निमित्तानं एक्सेल वापरत असतीलच, त्यांना मांडू द्या. मग ‘भिकेला लागलोय’ हा शब्द त्यांच्याच तोंडून परत येणार नाही.

हे वाचणाऱ्या ज्या घरांत मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांच्यासाठी, थोडक्यात : केंद्राची मदत आणि कॅम्पसवरची वर्क-स्टडी नोकरी त्या मुलांना मिळत नाही. पण फाउंडेशनच्या आणि गावातल्या खासगी शिष्यवृत्त्यांपैकी काही नागरिकत्व विचारत नाहीत. प्रत्येकीची अट वेगळी वाचा, आणि नियम स्पष्ट नसेल तर विचारा. एकविसाव्या वर्षी मुलं या व्हिसातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या स्टेटसचं काय, याचा विचार वकिलाबरोबर बारावीतच करून ठेवा.

ताई, शेवटचं. शिष्यवृत्ती मिळाली तर फाउंडेशन बहुधा देणगीदाराला आभाराचं पत्र लिहायला सांगेल. तेही मुलीनंच लिहायचं, हातानं लिहिलं तर फार उत्तम. यंदा नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. कॉलेजात आधीच शिकत असलेल्यांसाठीही निधी असतात, आणि तेव्हा तिच्याकडे तिथलेच मार्क आणि तिथल्याच प्राध्यापकांची पत्रं असतील. या आठवड्यात मात्र दोनच कामं : फाफ्साची दोन खाती उघडणं, आणि मुलीला वडिलांशेजारी बसवणं. यादी हातात आल्यावर काही अडलं तर पुन्हा लिहा, अर्जाची मुदत कोणती आहे तेवढं कळवा, म्हणजे उत्तर वेळेत पाठवीन.